ळ कुणाकडे?

मराठी कीबोर्डचा ओपन सोर्स कोड एकाच रेपॉझिटरीत, म्हणजे एकाच सामायिक कोठारात, सुखाने नांदत होता, हे शर्वाणी पिंपळखरेला बघवेना. तिने त्याचे सात स्वतंत्र प्रकल्प केले. राबणारी माणसं तिघंच होती, पण शिस्त म्हणजे शिस्त.

दुसऱ्या दिवशी एका फळवाल्याची तक्रार आली: “ताई, कालपासून ‘केली’ लिहिलं की ‘केली’ येतं.”

“मग बरोबरच आहे की,” असं उत्तर धाडून तिने वर समजही दिली, “यापुढे तक्रार योग्य त्या प्रकल्पात करावी.”

मग तिने सात प्रकल्पांची घोषणा मोठ्या थाटात सगळ्या वापरणाऱ्यांना पाठवली. पाठवल्यावर खालची सही वाचली: शर्वाणी पिंपलखरे. फळवाल्याची ती केळी होती, हे तेव्हा कुठे तिच्या डोक्यात शिरलं.

तिने सहकारी समीहनला फोन लावला. “ळ कुणाकडे गेला रे?”

“कुणाकडेच नाही. तू स्वरांचा प्रकल्प मला दिलास आणि क ते ह नचिकेतला. ळ येतो ‘ह’च्या नंतर.”

“मग आता?”

“आता काय,” तो गंभीरपणे म्हणाला, “तक्रार योग्य त्या प्रकल्पात करावी, ताई.”