जात्यावरचे हात

"हे डाग काढ," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

पडद्यावर त्या नायिका असलेला पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा थांबवला होता. चौकटीत फक्त हात. जात्याचा खुंटा धरलेला, आणि मनगटाच्या वर तीन आडवे काळे पट्टे. जोगेश्वरीच्या या स्टुडिओत जुने कृष्णधवल सिनेमे रंगवून डीव्हीडीवर विकायला काढत. हा सिनेमा संघमित्राच्या वाट्याला आला होता.

"बाई, फिल्मवरची बुरशी दर फ्रेमला जागा बदलते. हे डाग हाताबरोबर फिरतात. कातडीवरचे आहेत. भाजल्याचे."

बाईंनी खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली.

"साहेबांनी केलं ना?"

साहेब म्हणजे बाईंचा नवरा, सिनेमाचा दिग्दर्शक. मरून वीस वर्षं झाली, चौकाला अजून त्याचं नाव आहे.

बाईंनी पदराने डोळ्याचा कोपरा टिपला. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, बाळ. पुसून टाक."

त्या उठल्या तेव्हा संघमित्राने सांगितलं, "माझी आजी तुमच्याकडे कामाला होती. द्रौपदी."

बाई दारातच थांबल्या. "आहे अजून? काय म्हणते माझ्याबद्दल?"

"बाईंचं मीठ खाल्लंय म्हणते."

"सोशीक पोर होती," म्हणून बाई गेल्या.

मालक नितेश लगेच आत आला. "पुसलंस?"

"नाही."

"येडी आहेस का? हक्कांच्या कागदावर बाईंची सही नाही मिळाली तर वाट लागेल. याच सीनवर पुरस्कार मिळालाय त्यांना. शहरातली बाई, पण जातं काय ओढलंय, असं पेपरात आलं होतं."

"भाजल्या हाताने ओढलंय. ते पण दिसू दे ना."

"उद्या सकाळपर्यंत पुसलं नाहीस तर परवापासून येऊ नकोस."

संघमित्राचा बाप मंडळाचा अध्यक्ष होता. बाहेर स्त्रीसन्मानावर भाषण ठोकायचा आणि घरी आईला पट्ट्याने फोडायचा. आई शेजाऱ्यांना सांगायची, पडले. नवरा मेला तरी त्याची घाण बायकोनेच पुसायची? संघमित्राने तिन्ही डागांना ताजा, लालभडक रंग दिला. फ्रेमन् फ्रेम.

नोकरी जाणार हे ठरलंच होतं. त्याआधी ती लॅपटॉप घेऊन विक्रोळीला आजीकडे गेली. द्रौपदी दारातच तांदूळ निवडत बसली होती. भर मे महिन्यातही अंगात नेहमीचं मनगटापर्यंत बाहीचं पोलकं.

"बघ आजी, तुझ्या बाईंनी काय सोसलंय ते. सगळ्या जगाला दाखवणार आहे मी."

पडद्यावर जातं फिरलं. आजीने सूप बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि सीन पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा पाहिला.

"लाल जास्त झालाय गं," ती म्हणाली. तिने बाहीचं बटण सोडलं आणि तीन फिकट पट्ट्यांचा हात पडद्याशेजारी धरला. "बाईंना जातं कुठं येत होतं? आणि उलथनं त्या इतकंही तापवायच्या नाहीत."