ज्योतीरामची आरोळी

एकोणसाठ साली भोसरीच्या चावडीवर क्रिकेटसाठी रेडिओ लागला, की अंबूबाई पायरीवर येऊन बसायची. बोटीनं इंग्लंडला कामाला गेलेला तिचा ज्योतीराम निघताना म्हणाला होता, "आये, आपली टीम तिकडं खेळाया येनार हाय. जिंकली की मी आरोळी ठोकतो, तू रेडिओला कान लाव."

टीम पाचही कसोट्या हरली. गाव हळहळलं. अंबूबाईनं नवऱ्याला विचारलं, "अवं, जिंकलोच न्हाई, तर पोरगं वरडंल कसं?"

"व्हय," रंगराव एवढंच म्हणाले. पोरगा चैत्रातच तिकडं वारला, हे त्यांना तिला सांगवलं नव्हतं.


दुसऱ्या दिवशी त्यांनी भैरवनाथापुढं गुपचूप नारळ फोडला. टीम हरू दे, असा नवस साऱ्या गावात त्यांनी एकट्यानंच केला होता.