बोळक्या तोंडाचं माप

माझ्या दातांच्या दवाखान्यात आलेल्या आजोबांच्या तोंडाचं पार बोळकं झालेलं. कवळीसाठी माप घेतलं, त्यात प्लास्टर ओतलं आणि घट्ट झालेला ठसा काढून पाहिला, तर त्यावर इवलेसे दुधाचे दात!

"बाई, कुण्या पोराचं माप उचललंत?" मी मदतनीस बाईंवर खेकसलो.

"आठवडाभरात एक पोर फिरकलेलं नाही इकडे," त्या फणकारल्या.

दुसरं माप मी स्वतः घेतलं. प्लास्टरही स्वतःच कालवून ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत तिथून हललो नाही. आजोबा खुर्चीत पाय झुलवत बसले होते.

ठसा निघाला. पुन्हा तेच दात. इतके कोरे, न झिजलेले दात मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. फक्त पुढचा एक आता किंचित तिरका झाला होता. पहिल्या ठशात तो सरळ होता.

"आजोबा, तोंडात काही होतंय का?" मी हळूच विचारलं.

ते लाजले. "पुढचा दात हलतोय."

मी आरसा धरून पाहिलं. हिरडी बोडकी, गुळगुळीत. तिथे अलगद बोट नेलं.

हिरडीला टेकण्याआधीच बोट कशाला तरी लागलं, आणि ते काहीतरी हललं.