चुकलेलं काज

नवरा पाण्याची बाटली घेऊन परत आला, तेव्हा त्याच्या शर्टाचं एक काज चुकलेलं होतं. दुसरं बटण तिसऱ्या काजात, तिसरं चौथ्यात, आणि खाली शर्टाचं एक टोक लोंबत होतं. पाण्याचा स्टॉल समोरच होता, वीस पावलांवर. त्याला जाऊन यायला पंचवीस मिनिटं लागली होती.

“बाबा, तुझं बटण चुकलंय,” मुलगी म्हणाली.

असू दे, सिनेमानगरीत सगळं चालतं, असं म्हणून त्याने तिच्या हातात बाटली दिली आणि विषय बदलला. बायको मनात टिपून घेत होती.

टिपून घेणं हा तिचा धंदाच होता. सिनेमाच्या सेटवर ती कंटिन्युइटी सांभाळायची. एका शॉटमध्ये नायकाची कॉलर दुमडलेली असेल, तर चार दिवसांनी त्याच दृश्याचा पुढचा शॉट घेतानाही ती तशीच दुमडलेली हवी, हे बघणारी ती. चूक चालेल, बदल चालणार नाही, हा तिचा एकच नियम. पंधरा वर्षं हेच केल्यावर तिच्या नजरेतून घरात सुईसुद्धा सुटत नसे. बारा वर्षांची मुलगी तर तिच्यावरच गेली होती. आमच्याकडे दोन दोन कॅमेरे आहेत, चोरी करायची सोय नाही, असं सांगून नवरा पाहुण्यांना हसवायचा. हल्ली त्याने ते सांगणं बंद केलं होतं.

तिने फोन काढला. सकाळी फाटकापाशी, पुठ्ठ्याच्या राक्षसाच्या जबड्यात उभं राहून तिघांनी फोटो काढून घेतला होता. तो तिने मोठा करून पाहिला. बटणं सरळ, घड्याळ डाव्या हातात. आता घड्याळ उजव्या हातात होतं. तिने खाली पाहिलं, तर डाव्या पायातला मोजा घोट्याखाली गुंडाळला गेलेला. घड्याळाचं एकवेळ समजून घेता येईल, पण मोजे उतरवून पाणी कोण आणतं?

कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला दोन महिन्यांपासून कळत होतं. आठ वाजेपर्यंत लोळणारा माणूस एकाएकी पहाटे फिरायला जायला लागला. गोड सोडलं, पोट उतरवलं. दर गुरुवारी ऑफिसातून उशिरा यायला लागला, आणि फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायला लागला. चाळिशीतला नवरा असा अचानक अंगाकडे बघायला लागला की बायकोने डोळे उघडे ठेवावेत, असं तिच्या बहिणीने सांगितलं होतं. त्यात ही सिनेमानगरी बघायचं खूळ. तीन वर्षं मुलगी मागे लागली होती, तेव्हा वेळ नव्हता. आणि परवा याने आपणहून रजा काढली, तिकिटंही काढली. आवळा देऊन कोहळा काढायचा बेत होता की काय, हे तिला कळत नव्हतं.

तिघं पलीकडच्या खोट्या बाजारपेठेत शिरले. दुकानं प्लास्टरची, खिडक्यांना मागे खोल्याच नाहीत. कोपऱ्यावरच्या बँकेचं दार तेवढं उघडलं आणि आतून निळा कोट घातलेली एक तरुण बाई बाहेर आली. तिने नेमकं याच्याकडे पाहिलं. भुवया उंचावून, हाताने, ठीक ना, असं विचारलं. याने मान हलवली आणि लगेच एका दुकानाच्या पाटीकडे बघत राहिला. पाटी कोरी होती.

बायकोने दोघांनाही टिपलं. म्हणजे ती इथेच कामाला होती, आणि म्हणून ही सहल. पोरीच्या देखत, भर दिवसा. आज सोक्षमोक्ष लावायचाच, असं तिने ठरवलं.

रोलर कोस्टरच्या रांगेत नंबर आला, तसा तो बाजूला सरला. तुम्ही दोघी बसा, मी खालून फोटो काढतो, म्हणाला. आम्हाला वर टांगून तू मोकळा होणार, असं तिच्या मनात आलं. तिने मुलीला एकटीलाच पुढे पाठवलं. मुलगी पहिल्या डब्यात बसली, खांद्यावर दांडा आला. मग बायको वळली आणि सेटवर एखाद्या नटाचा शर्ट नीट करावा तसा तिने नवऱ्याचा शर्ट धरला.

“राहू दे गं,” तो म्हणाला.

तिने ऐकलं नाही. दुसरं बटण काढलं. कोण आहे ती, हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात तिची बोटं आत कशाला तरी लागली. गोल, चिकट, मध्ये धातूची छोटी गुंडी. हॉस्पिटलच्या दृश्यांत नटांच्या छातीवर या चकत्या तिने स्वतः मोजून लावून घेतल्या होत्या. छातीवर सहा, शिवाय मनगटांना चिमटे आणि घोट्यांना चिमटे. तिला घड्याळ आठवलं, मोजा आठवला, आणि बँकेच्या दारावरचा, दवाखान्याचा लाल क्रॉस आठवला. तो तिने पाहिला होता, पण टिपला नव्हता.

“मघाशी छातीत दुखलं, म्हणून तिथे ईसीजी काढला. एक राहिली वाटतं,” तो ओशाळून हसला. मग हळूच म्हणाला, “सोमवारी दाखल व्हायचंय. ऑपरेशन आहे. रात्री तुला सांगणारच होतो. पोरीला आजचा दिवस कळू देऊ नकोस.”

तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या दुप्पट भीती. दोन महिने एकट्याने सोसलं म्हणून त्याला तिथेच चार शब्द सुनवावेत असंही वाटलं. चकतीखाली त्याचं काळीज धडधडत होतं. तिला हात काढवेना.

गाडी सुटायची घंटा झाली. पहिल्या डब्यातून मुलीने मान वळवली होती. ती बाबाच्या शर्टाकडे बघत होती.

“आई, काय करतेयस? काय झालं?”

“काही नाही,” म्हणत तिने दुसरं बटण परत तिसऱ्या काजात घातलं.