व्हिडिओ चढवला

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत पांढरी ओळ उमटली : व्हिडिओ चढवला. तिच्याखाली दुसरी : मूळ फाईल पुसली.

घड्याळजींच्या हातातला चिमटा गळून पडला. एरवी या दोन ओळी वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पण आजच्या व्हिडिओत त्यांनी थोरल्या भावाचा उद्धार केला होता. तोही सविस्तर.

दुकान बंद केल्यापासून ते घरी बसून घड्याळदुरुस्तीचे व्हिडिओ काढत. ते साइटवर चढवायची कटकट नको, म्हणून सुनेने एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच देऊन ठेवलेली लेखी आज्ञा. मोबाइलवर रेकॉर्डिंग थांबवलं, की व्हिडिओ आपोआप कॉम्प्युटरच्या एका फोल्डरात पडे. तिथून स्क्रिप्ट तो उचले, साइटवर चढवी आणि मागची जागा झाडून ठेवी. विचारणं नाही, सवरणं नाही. "या घरात माझं ऐकणारं एवढं एकच," असं घड्याळजी म्हणत, आणि बायको ते ऐकू न आल्यासारखं करी.

आज टेबलावर वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ होतं. ते कोणाकडे राहावं यावरून दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं तुटलं होतं. घड्याळ दादाने नेलं, अबोला दोघांनी वाटून घेतला. व्हिडिओ सुरू झाल्याचं कानावर गेलं, तेव्हा दादाने आपण होऊन फोन केला. "बघितला रे तुझा व्हिडिओ. झकास!" तेव्हापासून दर रविवारी, जेवायच्या आधी, तो फोन ठरलेला. आणि गेल्या आठवड्यात त्याने घड्याळच पाठवून दिलं. बंद पडलंय, तूच बघ.

घड्याळजींनी कॅमेरा सुरू केला, मागची झडप उघडली आणि आत बघून ते कॅमेरा विसरले. चाकं, दाते, स्प्रिंग, सगळं स्वयंपाकाच्या तेलात न्हालेलं.

"अरे दादा, घड्याळ आहे हे, कढई नव्हे! वडिलांचं घड्याळ भांडून नेलंस, ते काय याला फोडणी द्यायला? लहानपणापासून ज्याला हात लावशील त्याचं वाटोळं!"

असं बरंच. मग त्यांनी एकेक चाक पुसलं, नीट तेल दिलं, लंबक हलवला. घड्याळ चालायला लागलं आणि राग आला तसा गेला. समाधानाने त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं. सुरुवातीला आपण काय बोललो, त्याची आठवण त्या पांढऱ्या ओळीनेच करून दिली.

त्यांनी धावत जाऊन कॉम्प्युटरचा प्लग उपटला. बाण सुटल्यावर धनुष्य मोडण्यातलाच हा प्रकार.

"अगं सूनबाई!" त्यांनी आतल्या खोलीकडे हाक टाकली. तेवढ्यात रविवारचा ठरलेला फोन वाजला. दादा.

"बघितला रे आजचा. आत्ताच."

"आत्ताच? मग?"

"झकास! किती शांत बोलतोस रे तू. ऐकत राहावंसं वाटतं."

टोमणा. दुसरं काय असणार? घड्याळजी खुर्चीत बसले. "दादा, ते तेलाचं जे मी बोललो..."

"हो हो, तेलाचं तर फारच छान समजावलंस. बरं, घड्याळ सुरू झालं का?"

"झालं."

"मग राहू दे तुझ्याकडेच. तिथे नीट राहील."

फोन बंद झाला. घड्याळजींचा चेहरा पाहून सून दारातच थबकली. त्यांनी कसंबसं सगळं सांगितलं. "तोंडभर कौतुक करून घड्याळ सोडलंन बघ त्याने. परत नाही फोन यायचा आता."

सुनेने प्लग लावला, साइट उघडली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हा व्हिडिओ कोणीच बघितलेला नाही."

"अगं, दादाने बघितला ना!"

"शक्यच नाही. तुम्ही तपासून 'ठीक आहे' म्हणेपर्यंत व्हिडिओ कोणाला दिसू नयेत, अशी एक ओळ मी स्क्रिप्टमध्ये घातली होती. तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि मी ती काढायची विसरले. आजचाच नाही, बाबा, पहिल्यापासूनचे सगळे व्हिडिओ कुलूपबंद आहेत. आपल्याशिवाय एकही माणूस ते बघू शकलेला नाही."

घड्याळजींनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की टेबलावरच्या दोन बारीक चकत्या उडाल्या. ते हसले. मग त्यांनी फोनकडे बघितलं. टेबलावरच्या घड्याळाचा लंबक तेवढा हलत होता. मग ते पुन्हा हसले, या वेळी जरा वेळ.

सून मात्र ओशाळली होती. "वर्षभराची मेहनत वाया घालवली मी तुमची. आजचा पुसते आणि बाकीचे आत्ताच्या आत्ता सगळ्यांना खुले करते."

"थांब, पोरी," घड्याळजी घाईने म्हणाले. "खुले केलेस, तर बिचाऱ्या दादाला ते बघावे लागतील."