पाणवठ्यावरचा कॅमेरा

म्हाताऱ्याच्या मुलाने पाणवठ्याजवळच्या झाडाला कॅमेरा बांधला आणि तो शहरात निघून गेला. आता रानडुक्कर आलं की फोटो थेट त्याच्या फोनवर जातो. मुलगा शिकारीच्या हंगामात एकदाच येतो, नेमका डुकराच्या वाटेवर बसतो आणि उजेडातच परततो. म्हाताऱ्याच्या काळी चौघे दिवसभर मचाणावर बसायचे. खोकल्याची उबळ आलीच, तर टोपी तोंडावर दाबायची. हात हलवत परतले तरी आठवडाभर गप्पा पुरायच्या. त्या चौघांतला आता हा एकटाच उरलाय.

दुपारी फोन वाजला.

"बाबा, पुन्हा तुम्ही कॅमेऱ्यासमोर! तुमच्या वासाने जनावर फिरकायचं नाही तिकडे. किती वेळा सांगायचं?"

"अरे, चुकून गेलो. हल्ली ध्यानात राहत नाही."

"आणि एवढ्या थंडीत नुसत्या शर्टावर? स्वेटर घालत जा की."

"घालतो. जेवलास का रे?"

"कामात आहे बाबा, ठेवतो."

ज्याची चाहूल हरणालाही कधी लागली नाही, तो म्हातारा दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून पाणवठ्यावर गेला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकेपर्यंत समोर उभा राहिला. मग घरी येऊन फोनजवळ बसला, अजिबात हालचाल न करता. मध्येच खोकल्याची उबळ आली, तशी त्याने टोपी तोंडावर दाबली.