गच्चीच्या दाराशी राउटर

दर दिवाळीला नवा मोबाइल घेणारा आपला नवरा जुना राउटर सोडायला तयार नाही, हे मालिनीला खटकतच होतं. "बंद पडायच्या आधीच बदलून टाका, बाबा," म्हणून आल्हाद पुण्याहून मागे लागला होता, तरी ढुंढिराज गुरुजींचं एकच, "चालतोय की!" चालतोय कसला? तिची मालिका चालू असताना नेट कधी जायचं नाही. पण गुरुजी इंदिरानगरच्या गच्चीवरून परदेशातल्या यजमानांचं श्राद्ध सांगायला बसले, की हमखास जायचं.

आज ती दबक्या पावलांनी वर जाऊन पाण्याच्या टाकीआड उभी राहिली. लॅपटॉपमधून एक मुलगी रडवेली होऊन विचारत होती, "गुरुजी, कावळा का येत नाहीये? बाबा रागावलेत का?"

गुरुजींनी हळूच दाराशी असलेल्या राउटरचं बटण बंद केलं. कठड्यावरच्या पानातला घास उचलून खाली झाडीत भिरकावला आणि बटण पुन्हा चालू केलं.

"नेमकं नेट गेलं बघा. तेवढ्यात घास घेऊन गेला कावळा!"

मालिनी खाली आली. नवा राउटर नको, असं आल्हादला सांगायला तिने फोन उचलला आणि तिथेच थबकली. गेल्या वर्षी सासूबाईंच्या श्राद्धाला, ती स्वयंपाकघरात असताना, "आईने लगेच घास घेतला गं, तुझ्यावर राग नाही तिचा," असं सांगत हेच गुरुजी गच्चीवरून खाली आले होते.